साइटच्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या: बांधकामासाठी ‘ॲजाइल’ सेवा घेतली, त्याचा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची एक इमारत उभी राहिली. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार असे २८ फ्लॅट. मी त्या साइटचा इंजिनिअर आणि धंद्यात चार आण्यांचा भागीदार. डिप्लोमा करून साइटवर उभा राहिलो त्याला आता बावीस वर्षं झाली. २०२४ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत आम्ही एका सल्लागार कंपनीकडून ‘बांधकामासाठी ॲजाइल’ अशी सेवा घेतली. ॲजाइल म्हणजे थोडं थोडं काम पूर्ण करत, बदल सामावून घेत पुढे जायची सॉफ्टवेअरवाल्यांची पद्धत. दोन दिवसांचं प्रशिक्षण, दर पंधरवड्याला साइटवर एक भेट आणि मोबाइलवरचं ॲप, सगळं मिळून पावणेदोन लाख आणि वर जीएसटी. लहान बिल्डरला ही रक्कम विचार करायला लावणारी आहे. माझ्या ओळखीतले चारपाच जण तरी ‘घेऊ का?’ म्हणून विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. जे खटकलं ते मी त्यांना समोरासमोर सांगितलं आहे.

आधी ही सेवा का घेतली ते सांगतो. पहिला स्लॅब भरल्यापासून दुसरा भरेपर्यंत २७ दिवस गेले. दिवाळी नाही, पाऊस नाही, लेबर छठपूजा आटोपून परत आलेलं. तरी २७. त्यातले शेवटचे चार दिवस मला अजून आठवतात. काँक्रीट सकाळी सहाचं सांगितलेलं. आदल्या संध्याकाळी मी वर गेलो तर लोखंडवाल्यांनी वरची जाळी बांधून टाकलेली आणि इलेक्ट्रिकचे पाइप निम्म्या स्लॅबमध्ये पडलेलेच नाहीत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मला कोणी बोलावलं नाही. लोखंड बांधणारा फिटर म्हणाला, मी दोन दिवस वाट बघितली. दोघंही खरं बोलत होते. बांधलेली जाळी सोडवली, पाइप टाकले, जाळी पुन्हा बांधली. मिक्सरच्या गाड्या रद्द कराव्या लागल्या. काँक्रीट टाकणारी टोळी दोन दिवस बसून राहिली आणि तिची हजेरी आम्ही भरली.

या सगळ्या काळात ऑफिसच्या भिंतीवर कामाच्या वेळापत्रकाचा रंगीत बार चार्ट लावलेला होता. बँकेला आणि भागीदारांना दाखवायला तो चांगला होता, पण साइटवरच्या एकाही माणसाने तो कधी वाचला नव्हता.

प्रशिक्षणाबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस. शिकवणारा मुलगा हुशार होता, बोलायचा छान, पण त्याची सगळी उदाहरणं मोबाइल ॲपची. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, इथून त्याने सुरुवात केली. जाडजूड आराखड्यापेक्षा बदलाला तोंड देणं महत्त्वाचं, कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची, हे त्यातले विचार मला पटले. पण पुढे स्प्रिंट, बॅकलॉग, युजर स्टोरी असे शब्द सुरू झाले आणि समोर बसलेले आमचे सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेकू उभारणाऱ्या टोळीचे, मुकादम माझ्याकडे बघायला लागले. त्यांना मी मामा म्हणतो. जालन्याकडचे आहेत, साठीला आलेत, अक्षरओळख फारशी नाही, पण कुठल्याही मजल्याला किती प्लेटा आणि किती जॅक लागतील हे नुसता नकाशा समजावून सांगितला की तोंडी सांगतात. जेवणानंतर मामा आणि फिटर दोघंही परत आले नाहीत. त्यांचा राग नव्हता, काम बुडत होतं. त्यांच्या टोळ्या साइटवर एकट्या होत्या.

मी त्या मुलाला विचारलं, ‘उशिरा आलेल्या बदलाचंही स्वागत करा’ असं तुमचा जाहीरनामा म्हणतो, मग भरलेल्या स्लॅबचं काय करायचं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. नुसत्या काँक्रीटचा हा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशात बदल करायचा तर ज्याचा फ्लॅट आहे त्याची संमती लागते, आणि इमारतीत किंवा सामायिक जागेत बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. महाराष्ट्रातल्या बिल्डरला ‘बदल आनंदाने स्वीकारा’ असं शिकवायचं असेल तर कुठला बदल स्वीकारता येतो आणि कुठला नाही, हे आधी सांगायला हवं. दोन दिवसांत हा विषय निघालाच नाही. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं असावं, साइटवरच असावं आणि ज्याने स्लॅब भरताना उभं राहून रात्र काढली आहे अशा माणसाने द्यावं, असं मी त्यांना लिहून दिलं आहे.

भेटींसाठी मात्र दुसऱ्याच बाई आल्या. त्या सिव्हिल इंजिनिअर, पंधरा वर्षं साइटवर काढलेल्या. पहिल्या दिवशी त्या ऑफिसात बसल्या नाहीत, सरळ वर गेल्या आणि मामांशी बोलत उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, “ॲजाइल हे नाव तुम्ही विसरलात तरी चालेल. तुमच्या साइटला लागणारी गोष्ट बांधकामवाल्यांनीच काढलेली आहे.” ती म्हणजे ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यातल्या विचारात आहे आणि ॲजाइलशी तिचं नातं चुलत भावंडांचं. ज्याच्या हातून काम प्रत्यक्ष व्हायचं आहे तो शेवटचा नियोजक, म्हणजे आमच्याकडे मामा, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर. तारीख त्याने द्यायची. वरून लादायची नाही. बॅलार्ड यांनी साइटवर मोजून बघितलं तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच त्या आठवड्यात पूर्ण होत होती. आमच्या पहिल्या आठवड्यात ४१ कामांपैकी १९ झाली. अमेरिकेतली साइट आणि पाथर्डी फाट्याची साइट इतकी सारखी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

फळा आम्ही शटरिंगच्या प्लायचा केला. आठ बाय चारचं एक पान, त्यावर पांढरा ऑइलपेंट, पार्किंगमध्ये स्टोअरच्या शेजारी. दर कामाला वेगळा रंग: सेंट्रिंग पिवळा, लोखंड निळा, इलेक्ट्रिक हिरवा, प्लंबिंग गुलाबी. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या नाशिकच्या वाऱ्याने दुसऱ्या दिवशी उडाल्या, मग टाचण्या लावल्या. मामांना वाचता येत नाही म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर चित्र: कॉलमसाठी चौकोन, बीमसाठी आडवी रेघ, जिन्यासाठी पायऱ्या. आठवड्याभरात फिटरही चित्रं काढायला लागला. तो मालदा जिल्ह्यातला, बंगाली लिहितो, मराठी बोलतो, आणि चित्रं सगळ्यांनाच कळतात.

तिसऱ्या स्लॅबचं नियोजन ज्या दिवशी झालं, तो दिवस माझ्या मते या सगळ्या पैशांची किंमत वसूल करणारा होता. बाईंनी फळ्याच्या उजव्या टोकाला एकच चिठ्ठी लावली: स्लॅब, २५ जानेवारी. मग म्हणाल्या, आता मागे चला. स्लॅबच्या आधी कोण? मी म्हणालो, आरसीसी कन्सल्टंटची तपासणी. त्याच्या आधी? फिटरने निळी चिठ्ठी लावली, वरची जाळी, दोन दिवस. त्याच्या आधी? सगळे गप्प. मग इलेक्ट्रिशियन पुढे आला आणि म्हणाला, “खालची जाळी झाली की मला एक अख्खा दिवस द्या, आणि त्या दिवशी वर कोणी लोखंड ओढू नका. माझे पाइप तुडवले जातात, मग स्लॅब भरल्यावर वायर ओढताना जाम होते.” फिटर त्याच्याकडे बघतच राहिला. गेली तीन वर्षं दोघं आमच्याच साइट्सवर काम करत होते आणि एकमेकांना नेमकं काय हवं असतं हे कधी बोललेच नव्हते. फिटर म्हणाला, “एक दिवस देता हूँ, लेकिन मेरा लड़का लोग उस दिन बैठेगा नहीं, नीचे रिंग बनाएगा।” तिथल्या तिथे दुसरी निळी चिठ्ठी लागली: रिंगा कापणे आणि वाकवणे, खाली. प्लंबरला संडास-बाथरूमच्या जागी स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठीच्या नळ्या, टाकायला अर्धा दिवस हवा होता, तो मामांनी दिला. पाऊण तासात चौदा चिठ्ठ्या लागल्या. २५ जानेवारीला सकाळी सात वाजता पहिली गाडी आली आणि स्लॅब भरला.

त्यानंतर रोज सव्वाआठला फळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि दर शनिवारी पुढच्या आठवड्याचं बोलायचं, असं सुरू झालं. काल काय झालं, आज काय करणार, कशाने अडलंय, बस. खुर्ची नाही, चहा नंतर. याशिवाय पुढच्या सहा आठवड्यांची एक वही, ज्यात कामं नाहीत, अडथळे लिहायचे: लिफ्टच्या खड्ड्याचं ड्रॉइंग आलं नाही, खिडक्यांचं माप पक्कं नाही, क्रश सँडवाल्याचं बिल बाकी आहे. ही वही माझी जबाबदारी. साइट इंजिनिअर म्हणजे मुकादमांवर ओरडणारा माणूस, ही सवय मलाही बावीस वर्षांत लागलेली होती. या वहीमुळे माझा दिवस त्यांच्या वाटेतले धोंडे उचलण्यात जायला लागला. मला तो जास्त आवडला.

शनिवारी मोजायचं ते एवढंच: शब्द दिलेल्या कामांपैकी किती झाली. इंग्रजीत याला पीपीसी म्हणतात, आणि आमच्याकडे पीपीसी म्हणजे सिमेंट, पोझोलाना सिमेंट, जे रोज गोण्यांनी येतं. ‘या आठवड्यात पीपीसी ४६’ असं फळ्यावर वाचून स्टोअरकीपर गोण्या मोजायला गेला. बाईंनी लगेच ते नाव बदललं. तेव्हापासून आमच्याकडे तो ‘शब्दाचा टक्का’. मामांना तो शब्द फार आवडला.

याच टक्क्याने आम्हाला एकदा धोक्याच्या कडेला नेलं, आणि ज्यांना ही पद्धत घ्यायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. तिसऱ्या स्लॅबखालच्या मोठ्या बीमचे टेकू काढून ते सामान वर न्यायचं, असं मामांनी शनिवारी शब्द दिला होता. सोमवारी, स्लॅब भरल्याच्या अकराव्या दिवशी, मी खाली आलो तर पोरं टेकू सैल करत होती. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय कोडप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस ठेवायचे, त्याहून लांब असेल तर २१ दिवस. हे आकडेही साध्या पोर्टलँड सिमेंटचे, आणि हवा १५ अंशांच्या खाली गेलेली नसेल तेव्हाचे. आमचं काँक्रीट पीपीसीचं, सावकाश घट्ट होणारं, आणि जानेवारीच्या अखेरीला नाशिकला पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. मी काम थांबवलं. मामा म्हणाले, “साहेब, टक्का खाली जाईल ना.” चाळीस वर्षं सेंट्रिंग केलेला माणूस, त्याला टेकूचे दिवस पाठ आहेत. फळ्यावर सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तो मोडायला नको, म्हणून त्याने हे केलं.

त्या दिवशी मी आणि बाईंनी फोनवर तासभर बोलून नियम केला. टेकू, क्युअरिंग (काँक्रीटला पाणी मारणं), क्यूबच्या (काँक्रीटच्या ठोकळ्याच्या) चाचणीवर अवलंबून असलेलं कुठलंही काम हे शब्दाच्या फळ्यावर येणार नाही. त्याची वेगळी लाल पट्टी, तारीख मी कोडप्रमाणे लिहिणार, आणि त्या तारखेच्या आधी ते काम करणं म्हणजे चूक. सेवा देणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सॉफ्टवेअरमध्ये घाई केली तर ॲप बंद पडेल. इथे खाली माणसं असतात. या एका कारणासाठी मी त्यांना पूर्ण गुण देऊ शकत नाही.

टक्क्याची दुसरी खोडही सांगतो. मार्चमध्ये टक्का एकदम नव्वदीला गेला आणि मला आनंद झाला. मग लक्षात आलं की सगळे जण सोपी आणि लहान कामं शब्दाला लावतायत, अवघड काम ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवतायत. बाईंच्या मते सत्तरपंचाहत्तर हा आमच्या साइटसाठी निरोगी आकडा. बक्षीस किंवा दंड टक्क्याला जोडायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. आमच्या एका भागीदाराला दंड लावायचा होता, आम्ही तो लावला नाही.

आता मुख्य गोष्ट. काम का झालं नाही याचं कारण चिठ्ठीच्या मागे लिहायचं, असा नियम होता. पहिल्या दोन महिन्यांत न झालेल्या १०३ चिठ्ठ्या मी एका रविवारी टेबलावर पसरल्या आणि कारणांप्रमाणे वेगळ्या केल्या. माझा अंदाज होता की लेबर कमी, लेबर गावाला, लेबरने टाळलं, अशीच निम्मी निघतील. लेबरची एकोणीस निघाली. आधीच्या टोळीचं काम अपुरं राहिलं, अशी सत्तावीस. पाऊस नव्हताच, वीज गेल्याची पाच. उरलेल्या ५२ आमच्या ऑफिसच्या दारात येऊन थांबल्या होत्या: ड्रॉइंग आलं नाही, टाइल्सचा निर्णय झाला नाही, माल सांगायला उशीर झाला, बिल पास झालं नाही म्हणून टोळी अर्धी आली.

त्या रात्री मला झोप आली नाही. बावीस वर्षं मी दर उशिराला मुकादमांना बोललो होतो. किती वेळा चुकीच्या माणसाला बोललो असेन.

सोमवारी मी ते गठ्ठे तसेच फळ्यासमोर नेले आणि सगळ्यांना दाखवले. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, “साहेब, आमचं तुमी लिवता. तुमचं कोन लिवनार? तुमची बी एक चिठ्ठी लावा ना. हप्ता कवा, नकाशा कवा.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, साधी मागणी होती. मी स्टोअरमधून पांढरे कागद आणले आणि पहिली पांढरी चिठ्ठी लावली: सेंट्रिंगचं आरए बिल (झालेल्या कामापुरतं चालू बिल), शुक्रवारपर्यंत. खाली माझं नाव.

भागीदारांना हे आवडलं नाही. रविवारी गिऱ्हाईक साइट बघायला येतात, आणि फळ्यावर ‘बिल बाकी’ लिहिलेलं दिसलं तर काय वाटेल, असं आमच्या मोठ्या भाऊंचं म्हणणं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. फ्लॅटच्या पैशातले सत्तर टक्के रेराप्रमाणे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्यांनीच काढता येतात, त्यामुळे शुक्रवार म्हणजे शुक्रवार असा शब्द देणं त्यांना अवघड जात होतं. शेवटी फळा पार्किंगच्या आतल्या भिंतीवर हलवला आणि रक्कम लिहायची नाही, फक्त तारीख लिहायची असं ठरलं. पांढऱ्या चिठ्ठ्या राहिल्या. एप्रिलपासून आमच्याही शब्दाचा टक्का मोजला जायला लागला. पहिल्या महिन्यात तो ३८ होता, मुकादमांपेक्षा खाली. भाऊंनी तो आकडा वाचला आणि त्या आठवड्यापासून ते स्वतः शनिवारी फळ्यासमोर यायला लागले.

फळ्याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. फेब्रुवारीतच फिटरने स्वतःहून सांगितलं की होळीला त्याची निम्मी टोळी गावाला जाणार, तिकिटं काढून झालीत. आधी हे कधीच कळायचं नाही, एका सकाळी नुसत्या रिकाम्या खोल्या दिसायच्या. सहावा स्लॅब आम्ही होळीच्या आधी भरून घेतला आणि ते लोक गावाला गेले तेव्हा वीटकामाच्या टोळीला दोन मजले मोकळे करून दिले.

आणखी एक गोष्ट या सेवेतून आली ती नमुना फ्लॅटची. नमुना फ्लॅट सगळेच करतात, विक्रीसाठी, सोफा-पडदे लावून. बाईंनी वेगळा सांगितला. वर स्लॅब चालू असतानाच पहिल्या मजल्यावरचा १०१ नंबरचा फ्लॅट शेवटच्या बटणापर्यंत पूर्ण करायचा, त्यात पाणी सोडायचं, दिवे लावायचे, आणि चुका शोधायच्या. ॲजाइलमध्ये ‘लहान पण चालणारी वस्तू आधी हातात द्या’ म्हणतात, त्याचं बांधकामातलं रूप मला तरी यापेक्षा चांगलं दिसलेलं नाही. एप्रिलअखेर १०१ तयार झाला आणि त्यात छत्तीस चुका निघाल्या. बाथरूमच्या चौकटी बसवताना वॉटरप्रूफिंग आणि टाइलची जाडी धरलीच नव्हती, दार खाली घासत होतं. बेडरूमचं एक बटण बरोबर कपाटाच्या मागे जात होतं. एसीच्या पाण्याच्या पाइपला उतार उलटा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पॉइंट खिडकीच्या कठड्यावर आला होता.

आम्ही फ्लॅट घेतलेल्या तीन कुटुंबांना बघायला बोलावलं. त्यातल्या एका आजींनी ड्राय बाल्कनीतला नळ हाताने मोजला आणि म्हणाल्या, “हा इतका वर का? बाई खाली बसून भांडी घासणार, तिच्या अंगावर सगळं पाणी उडेल.” खरं होतं. आर्किटेक्ट, मी, प्लंबर, कोणाच्याच मनात हे आलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कोणीच तिथे बसून भांडी घासत नाही. पहिल्या मजल्यावरच्या चारही फ्लॅटमध्ये झिऱ्या मारून झाल्या होत्या, तिथे तोडून खाली घेतला. वरच्या २४ फ्लॅटमध्ये भिंतीवर खडूची खूण बदलली, बस. हा बदल मंजूर नकाशातला नाही, म्हणून त्याला कोणाची अडचण नव्हती. मला वाटतं, बांधकामात ‘बदलाचं स्वागत’ करायची खरी जागा ही आहे: सांगाडा पक्का, आणि आतल्या कामात पहिल्या फ्लॅटपासून शिकत वर जायचं.

ॲपबद्दल थोडक्यात. दर माणशी महिन्याला पैसे, आणि फळ्यावर जे आहे तेच पुन्हा मोबाइलवर भरायचं. ते काम माझ्या ज्युनिअर इंजिनिअरवर आलं, तो संध्याकाळी सात ते नऊ तेच करत बसायचा. तिसऱ्या महिन्यात आम्ही ते बंद केलं. त्यातली एकच सवय ठेवली: गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, पाइप आणि वायर दिसतील असा, टेप लावून, फ्लॅटच्या नंबरने. साध्या मोबाइलच्या फोल्डरमध्येही ते होतं. ताबा दिल्यावर एका फ्लॅटधारकाला देवघराच्या भिंतीला भोक पाडायचं होतं, त्याला फोटो पाठवला, पाइप वाचला. मोठ्या कंपन्यांच्या दहा टॉवरच्या साइटला ॲप लागत असेल, पण २८ फ्लॅटच्या साइटवर प्लायचा फळा पुरतो.

वेळ किती वाचला, हे सगळे विचारतात. आधी स्लॅबला २७ दिवस लागले होते, शेवटी आम्ही १८ वर आलो. पण याचं सगळं श्रेय सेवेला देणं बरोबर नाही. एकाच नकाशाचे मजले वर जाताना टोळीचा हात बसतोच, प्लेटा त्याच जागी त्याच मापाने लागतात. माझ्या अनुभवाने चारपाच दिवस तसेही कमी झाले असते. उरलेले फळ्याचे. आतल्या कामात मात्र फरक मोठा दिसला. तोडफोड फार कमी झाली, आणि ताबा देताना फ्लॅटधारकांच्या तक्रारींची यादी आमच्या मागच्या इमारतीच्या एक तृतीयांशसुद्धा नव्हती. संरचनेतल्या आणि कामातल्या दोषांची जबाबदारी रेराप्रमाणे पाच वर्षं आमच्यावर असते, म्हणून ही यादी मला स्लॅबच्या दिवसांपेक्षा महत्त्वाची वाटते.

तर घ्यावी का? भेटींसाठी घ्या, आणि साइटवर काम केलेलं माणूसच पाठवा अशी अट करारात घाला. ते नाव आधी विचारा. प्रशिक्षण साइटवर आणि अर्ध्या दिवसात मागा, त्या दिवशीची मुकादमांची हजेरी तुम्ही भरा. आम्ही नंतर भरली, आधीच भरायला हवी होती. ॲप वगळून दर मागा, आम्हाला त्यांनी शेवटच्या तीन महिन्यांचे ॲपचे पैसे परत केले, तेवढा सरळपणा त्यांच्यात आहे. पायलिंग, पाया, सांगाडा या कामांत फळ्याचा उपयोग टोळ्यांचा मेळ घालण्यापुरता, डिझाइन आणि कोडच्या तारखा त्याबाहेर. आणि मालक स्वतः फळ्यासमोर उभा राहणार नसेल, आपली चिठ्ठी लावणार नसेल, तर पैसे घालू नका. मुकादमांना तो आणखी एक हजेरीचा तक्ता वाटेल. त्यांचं तसं वाटणं चुकीचं नसेल. पाचपैकी गुण द्यायचे तर प्रशिक्षणाला एक, ॲपला दीड, बाईंच्या भेटींना पाच.

आता इंदिरानगरच्या बाजूला आमची दुसरी साइट सुरू आहे. मामा तिथेही आहेत. फळा या वेळी खोदाईच्या दिवशीच लागला, आणि पांढऱ्या चिठ्ठ्यांची ओळ सगळ्यात वर आहे. गेल्या महिन्यात प्लिंथच्या (जोत्याच्या) तपासणीचा दाखला वेळेवर मिळाला नाही. अर्ज मी उशिरा दिला होता. ती चिठ्ठी तीन शनिवार तिथेच राहिली, आणि तिच्याखाली नाव माझं होतं. चौथ्या शनिवारी दाखला आला, तेव्हा मामांनी ती टाचणी स्वतः काढून माझ्या हातात दिली.